आजीचा पोशाख, आजीची भाषा आणि नातीचा प्रश्न

पत्र : आमची मातृभाषा बोलणारी माणसे मुळातच थोडी आणि तीही आता निरनिराळ्या शहरांत विखुरलेली. घरात सासूबाई ती अस्खलित बोलतात, माझे पती आणि मी त्यांच्याशी बोलण्यापुरती वापरतो. मुलांना ती समजते, पण बोलता येत नाही. चार महिन्यांनी कुटुंबात एक मोठा समारंभ आहे आणि त्या दिवशी सर्व मुलींनी आपल्या समाजाचा पारंपरिक पोशाख घालावा, असे वडीलधाऱ्यांनी ठरवले आहे. सासूबाईंनी तरुणपणी स्वतःच्या हाताने भरतकाम केलेला पोशाख नातीसाठी काढून ठेवला. माझी सतरा वर्षांची मुलगी तो घालायला तयार नाही. “मला आजीची भाषा बोलता येत नाही, मग तिचा पोशाख घालून मी कोण असल्याचे दाखवू?” असे ती सर्वांसमोर म्हणाली. सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून त्या गप्प गप्प असतात. धाकटा मुलगा पूर्वी मोडकेतोडके बोलायचा. नातेवाइकांनी त्याच्या उच्चारांची थट्टा केल्यापासून त्यानेही बोलणे सोडले. मी मुलीला आग्रह करावा का? तयार शिवलेला, हलका पोशाख विकत आणला तर चालेल का? सासूबाईंचे वय पाहता त्यांच्या भाषेचे काही राखून ठेवायचे असेल, तर ते कसे ठेवावे? — एक आई

उत्तर :

भगिनी, सप्रेम नमस्कार.

मुलीचे वाक्य तुमच्या मनाला लागले आहे, हे पत्र वाचताना जाणवते. परंतु त्या वाक्यात अवहेलना आहे, असे मला वाटत नाही. ज्या मुलीला आजीच्या वारशाशी काही देणेघेणे नसते, ती समारंभापुरता पोशाख अंगावर चढवते, छायाचित्रे काढून घेते आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरून जाते. तुमच्या मुलीलाही तसे करता आले असते. तिने ते केले नाही, कारण त्या पोशाखाला काही अर्थ आहे आणि तो अर्थ आपल्याला पेलवत नाही, असे तिला मनापासून वाटते. दुसरीकडे, आयुष्यातली कितीतरी वर्षे सांभाळून ठेवलेली वस्तू नातीपुढे ठेवावी आणि तिने चारचौघांत नको म्हणावे, यात सासूबाईंना आपलाच अव्हेर झाल्यासारखे वाटले असेल, तर त्यात नवल नाही. त्या दोघींच्याही मनात त्या पोशाखाविषयी आदरच आहे. तो एकमेकींना बोलून दाखवता येईल अशी भाषा मात्र दोघींच्या तोंडी नाही. म्हणून माझा सल्ला आधीच सांगून टाकते : मुलीला आग्रह करू नका, पोशाख पुन्हा पेटीतही ठेवू नका, आणि हाताशी असलेले चार महिने त्या दोघींना तो पोशाख पुढ्यात घेऊन आजीच्या भाषेत एकत्र बसण्यासाठी द्या. असे का म्हणते, ते थोडे सविस्तर सांगते.

पारंपरिक पोशाख समाजाची ओळख सांगतो, हे आपण इतक्या वेळा ऐकतो की तो नेमके काय सांगतो आणि कोणाला सांगतो, याचा विचार करायचे राहून जाते. नॉर्वे, स्वीडन व फिनलंडच्या उत्तर भागात आणि रशियाच्या कोला द्वीपकल्पात राहणाऱ्या सामी लोकांच्या अंगरख्याला ‘गाक्ती’ म्हणतात. त्याचा रंग, काठावरच्या फितींची मांडणी, गळ्याची ठेवण आणि सोबतच्या टोपीचा आकार यांवरून जाणत्या माणसाला घालणारा कोणत्या भागातला आहे हे कळते, कित्येकदा घराणेही कळते. काही भागांत तर कमरपट्ट्यावरची बटणे गोल आहेत की चौकोनी, यावरून ती व्यक्ती अविवाहित की विवाहित, हेही ओळखतात. ग्वाटेमालातील माया स्त्रिया एक टोक कमरेला बांधलेल्या साध्या मागावर ‘विपील’ नावाचे अंगवस्त्र विणतात आणि त्याच्या नक्षीवरून तिचे गाव ओळखू येते. अशी ओळख नेहमी सुखाचीच ठरते असे नाही. तेथे १९६० पासून १९९६ पर्यंत यादवी युद्ध चालले होते आणि त्या काळात आपण कोणत्या गावच्या हे कपड्यांवरून कळणेच धोक्याचे झाल्यामुळे, जीव वाचवून पळालेल्या अनेक स्त्रियांना आपले विपील उतरवून ठेवावे लागले. त्याच देशातील रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ मध्ये शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले आणि जगाने त्यांना पाहिले ते त्यांच्या माया पोशाखातच. ज्यांना विपील लपवावे लागले आणि ज्यांनी ते जगापुढे अभिमानाने नेले, त्या सर्वजणींना ते वस्त्र काय बोलते याची पुरेपूर जाणीव होती.

हे बोलणे ऐकू येण्यासाठी मात्र ऐकणाराही जाणता असावा लागतो. परक्या माणसाला सामी अंगरख्यात निळे कापड आणि लाल-पिवळ्या फिती दिसतात, विपीलमध्ये रंगीत पक्षी दिसतात, ती वस्त्रे सुंदर आहेत असे तो म्हणतो आणि पुढे जातो. तुमच्या मुलीला नेमकी हीच धास्ती वाटत असावी, की आपणही आपल्या आजीच्या पोशाखाकडे परक्यासारखेच पाहतो आहोत. नीलगिरीतील तोडा स्त्रिया जाड, पांढऱ्या सुती कापडावर लाल व काळ्या धाग्यांनी भरतकाम करतात. कापडावर आधी नक्षी आखलेली नसते आणि ते ताणून धरायला चौकटही नसते. भरणारी स्त्री कापडाचे उभे-आडवे धागे मोजत जाते आणि त्या मोजणीतून आकृती उमटत जाते. ही शाल स्त्री-पुरुष दोघेही पांघरतात आणि मृत्यूनंतर देहावरही तीच घालतात. या भरतकामाला २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामुळे त्याच्या नावाला कायद्याचे संरक्षण लाभले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु किती धागे सोडून सुई वर काढायची, कोणती आकृती कशाची आहे आणि ती कोठे भरायची, हे ज्ञान जाणतीच्या शेजारी बसून, तिचे बोलणे ऐकत ऐकतच हाती येते. आणि ज्या तोडा भाषेत ते बोलणे होते, ती बोलणारी माणसे दोन हजारांच्या आसपासच आहेत.

मुलीच्या म्हणण्यातला जो भाग मला अगदी खरा वाटतो, त्याचा पुरावा स्कॉटलंडच्या इतिहासात सापडतो. १७४५ च्या उठावानंतर तेथील डोंगराळ भागातल्या लोकांचा वेगळेपणा मोडून काढण्यासाठी ब्रिटिश संसदेने १७४६ मध्ये कायदा करून पुरुषांना त्यांचा परंपरागत पोशाख घालण्यास बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंगवास आणि दुसऱ्याला सात वर्षांची समुद्रापार हद्दपारी, इतकी कडक शिक्षा कापडाच्या एका प्रकाराला होती; पोशाखाची ताकद राज्यकर्त्यांनी किती ओळखली होती, हे यावरून दिसते. १७८२ मध्ये बंदी उठली. १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तेव्हा तो स्वतःच तो पोशाख घालून समारंभात मिरवला. पुढे चौकडीचे ते कापड जगभर गेले, आणि आज अमुक घराण्याची म्हणून ओळखली जाणारी बहुतेक चौकडी त्याच सुमारास किंवा त्यानंतर ठरवली गेली. पोशाख असा परत आला आणि पूर्वीपेक्षा मोठ्या थाटात आला. त्या लोकांची गेलिक भाषा मात्र तशी परत आली नाही. १८७२ च्या शिक्षण कायद्याने शाळा सर्वांना सक्तीच्या केल्या आणि त्यात गेलिकला कोठेही जागा ठेवली नाही. १८९१ च्या जनगणनेत ती बोलणारे सुमारे अडीच लाख लोक होते. २०११ च्या जनगणनेत ते सुमारे ५७ हजार उरले होते. ज्याला ज्याला तो पोशाख हवा होता, त्याला तो विकत घेता आला. गेलिक शिकवणारी आजी कोठे विकत मिळणार होती?

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे की पोशाख आणि भाषा यांचा उल्लेख आपण एका दमात करतो, पण त्यांचे जगणे सारखे नाही. कापड दोन पिढ्या पेटीत पडून राहिले तरी तिसरी पिढी ते बाहेर काढून अंगावर घालू शकते. भाषा मात्र दोन पिढ्या घरात कोणी बोललेच नाही, तर तिसऱ्या पिढीला ती घरात मिळत नाही. कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी समारंभासाठी पोशाख ठरवला, कारण पोशाख ठरवता येतो, एका दिवसापुरता सर्वांना घालायला लावता येतो आणि तो सर्वांना दिसतोही. भाषेविषयी असा ठराव करता येत नाही, म्हणून तो विषय कोणी काढला नाही. तुमच्या मुलीने तो काढला. मला विचाराल तर त्या बैठकीत बोलली गेलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच होती आणि मोठ्यांनी ती उद्धटपणा समजून सोडून दिली, हे मला खटकते.

आता तिच्या म्हणण्यातला जो भाग मला मान्य नाही, तोही स्पष्ट सांगायला हवा. भाषा येत नसेल तर पोशाखावरही आपला हक्क नाही, असे ती समजते. तसे नाही, आणि हे तिला कोणीतरी प्रेमाने सांगण्याची गरज आहे. सामी मुलांची भाषा नॉर्वेच्या शाळांतून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शंभरावर वर्षे पद्धतशीरपणे हटवली गेली. मुलांना शाळेत आणि बाहेर त्रास होऊ नये म्हणून कित्येक आईबापांनी घरातही त्यांच्याशी सामी बोलणे सोडून दिले. नॉर्वेच्या संसदेने नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगाने २०२३ मध्ये आपल्या अहवालात या धोरणाचे परिणाम सविस्तर नोंदवले आहेत. आज गाक्ती घालणाऱ्यांत असे पुष्कळ लोक आहेत ज्यांना सामी भाषा येत नाही, कारण ती त्यांच्यापर्यंत येऊच दिली गेली नाही. त्यांना जर कोणी म्हणाले, की आधी भाषा शिका आणि मगच अंगरखा घाला, तर आजोबांवर झालेल्या अन्यायाची शिक्षा नातवंडांना दिल्यासारखे होईल. तुमच्या मुलीला भाषा बोलता येत नाही, यात तिचा दोष नाही. ती तिच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम मोठ्यांचे होते. शहर बदलले, नोकरी आणि शाळा यांची भाषा वेगळी पडली, घरातही हळूहळू तीच अंगवळणी पडली, हे मी समजू शकते, आणि हे तुम्हाला बोल लावण्यासाठी लिहीत नाही. पण तिला हे तुमच्याच तोंडून ऐकायला मिळाले, तर तिच्या मनावरचे मोठे ओझे उतरेल.

शुद्धतेचा आग्रह कोणी धरला, तर त्यालाही फारसा अर्थ नाही. नामिबियातील हेरेरो स्त्रिया ज्याला आपला पोशाख म्हणतात, तो लांब बाह्यांचा घेरदार झगा एकोणिसाव्या शतकात जर्मन मिशनऱ्यांच्या संपर्कातून आला. पुढे १९०४ ते १९०८ या काळात जर्मन वसाहती सैन्याने हेरेरो लोकांचा भीषण संहार केला. इतके होऊनही त्या स्त्रियांनी तो झगा टाकला नाही. त्यांनी त्यावर गुरांच्या शिंगांसारखी दोन टोके काढलेले शिरोवस्त्र चढवले, कारण गुरे हा त्यांच्या जगण्याचा कणा, आणि आज तो झगा पाहिल्यावर कोणी त्याला जर्मन म्हणत नाही. एखादे वस्त्र आपले होते ते त्या समाजातल्या माणसांनी ते घालून, त्यात भर घालून, आपापसांत त्याचा अर्थ ठरवून. तुमची मुलगी त्या समाजात जन्मली आहे. अर्थ ठरवणाऱ्यांत तिचीही जागा आहे.

धाकट्या मुलाविषयी तुम्ही दोनच वाक्यांत लिहिले आहे, पण मला ती गोष्ट मुलीच्या नकारापेक्षा अधिक काळजीची वाटते. एकोणिसाव्या शतकात वेल्सच्या काही शाळांत वेल्श बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडाची एक पाटी अडकवत असत. दुसरा कोणी वेल्श बोलताना सापडला की ती त्याच्या गळ्यात जायची आणि दिवसाच्या शेवटी ज्याच्याकडे पाटी असेल, त्याला शिक्षा व्हायची. जपानमधील ओकिनावा बेटांवरच्या शाळांतही विसाव्या शतकात हीच युक्ती वापरली गेली. त्यातला सर्वांत वाईट भाग असा, की शिक्षकाला काही करावेच लागत नसे; मुलेच एकमेकांवर पाळत ठेवत आणि बोलणाऱ्याला गप्प करत. तुमच्या घरात कोणी पाटी अडकवली नाही. पण मोडकी का होईना, आपली भाषा बोलणारा एकुलता एक मुलगा तोंड उघडताच मोठी माणसे हसली आणि तो गप्प झाला, म्हणजे परिणाम तोच झाला. हसणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हते, हे खरे असेल. तरीही पुढच्या भेटीआधी त्या नातेवाइकांना फोन करून स्पष्ट सांगा, की मुलगा जसे बोलेल तसे बोलू द्यायचे, हसायचे नाही, चूक दाखवायची नाही आणि “जरा बोलून दाखव” असेही म्हणायचे नाही. त्याने चुकीचे रूप वापरले, तर सासूबाईंनी उत्तर देताना आपल्या वाक्यात तेच रूप बरोबर वापरावे, एवढे पुरते. ज्या मुलांना भाषा समजते, त्यांची अर्धी वाट चालून झालेली असते. बाकीची अर्धी भीड चेपण्याची असते आणि भीड हसण्याने चेपत नाही.

आता त्या चार महिन्यांकडे येऊ. कॅलिफोर्नियातील अनेक मूळ भाषा बोलणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वृद्धच उरले होते, तेव्हा १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तेथील मूळनिवासी कार्यकर्त्यांनी आणि लीअ‍ॅन हिंटन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी मिळून एक पद्धत सुरू केली. भाषा जाणणारी एक वृद्ध व्यक्ती आणि शिकू इच्छिणारी एक तरुण व्यक्ती यांनी दर आठवड्याला बरेच तास एकत्र घालवायचे, कपडे धुणे, स्वयंपाक, बागेतली कामे अशी रोजची कामे बरोबरीने करायची आणि त्या वेळात इंग्रजीचा आधार घ्यायचा नाही. अडलेच तर हातवारे करायचे, वस्तू दाखवायची, पुन्हा सांगायचे. न्यूझीलंडमध्ये माओरी लोकांनी १९८२ पासून ‘कोहांगा रेओ’ या नावाने लहान मुलांसाठी वर्ग सुरू केले, त्यामागचा विचारही असाच होता : मधल्या पिढीला भाषा नीट येत नव्हती, म्हणून आजी-आजोबांनी थेट नातवंडांशी माओरी बोलायचे. त्यानंतर पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. परंतु दर्जा मिळेपर्यंत कोणी थांबून राहिले नव्हते. तुमच्या घरी आजी आहे, नात आहे, दोघींच्या मध्ये एक पोशाख आहे आणि नातीला भाषा समजते. कॅलिफोर्नियातील त्या लोकांना यातले निम्मेही हाताशी नव्हते.

पहिल्या दिवशी पोशाख घालण्याचा विषयच काढू नका. स्वच्छ चादर पसरून त्यावर तो उलटा करून ठेवा, म्हणजे आतली बाजू वर येईल. भरतकाम करणाऱ्या बाईचा हात सुलट्या बाजूपेक्षा उलट्या बाजूला जास्त दिसतो. धाग्याची गाठ मारली आहे की टोक टाक्यांखाली दडवले आहे, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर धागा तसाच ओढून नेला आहे की तोडून नव्याने घेतला आहे, शिवणीत पुढे उसवून सैल करता यावे म्हणून किती कापड दुमडून ठेवले आहे, कोठे रफू केले आहे आणि रफूचा धागा मूळ रंगाशी का जुळत नाही, हे सगळे मुलीला स्वतः पाहू द्या. ती विचारल्यावाचून राहणार नाही आणि सासूबाई सांगितल्यावाचून राहणार नाहीत. सुरुवातीला मुलगी तिच्या सवयीच्या भाषेत विचारेल आणि आजी आपल्या भाषेत उत्तर देतील. तसेच चालू द्या. काही दिवसांनी एखादा टाका शिकायला घ्यावा, साध्या वेगळ्या कापडावर, आणि त्या तासाभरात फक्त आजीची भाषा, असा दोघींनी आपापसांत नियम ठरवावा. तुम्ही खोलीत असलाच तर भाषांतर करायला धावू नका.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगते. घरातली भाषा मुलांना शिकवायची म्हटले की मोठी माणसे वस्तूंची नावे पाठ करून घेतात : हे फूल, हा काठ, ही सुई. अशा नावांची यादी तोंडपाठ झाली तरी बोलणे सुरू होत नाही. बोलणे सुरू होते ते क्रियापदांपासून. “धर”, “सोड”, “मागून घे”, “इतके ओढू नकोस”, “उसव आणि परत घाल”, “बघू दे” हे हातातल्या कामाबरोबर शंभर वेळा कानावर पडते, आणि एक दिवस मुलगी धाकट्या भावाला तेच म्हणते. पहिले शब्द जिभेवर रुळायला असे काम फार सोयीचे असते, कारण डोळे कापडावर असतात, कोणी आपल्या तोंडाकडे पाहत नाही आणि मध्ये थांबले तरी अवघडल्यासारखे होत नाही. पोशाख अंगावर नेसायचा किंवा बांधायचा असेल, तर तेही चित्रावरून शिकण्यासारखे नसते. कोठे खोचायचे, कोठे सैल सोडायचे आणि चालताना पायात येऊ नये म्हणून काय करायचे, हे दुसरीने अंगाला हात लावून दाखवावे लागते.

तुम्हा दोघांसाठीही एक सूचना आहे. तुम्ही ती भाषा सासूबाईंशी बोलण्यापुरती वापरता, असे लिहिले आहे. याचा मुलांना समजणारा अर्थ असा, की ही भाषा फक्त म्हाताऱ्या माणसांसाठी आहे. भाषा वाचवण्याच्या प्रयत्नांचा आयुष्यभर अभ्यास केलेले जोशुआ फिशमन यांचे ठाम मत होते, की शाळा, प्रसारमाध्यमे आणि सरकारी मान्यता यांचा उपयोग असला, तरी घरात एका पिढीकडून दुसरीकडे बोलणे गेले नाही तर बाकीचे उपाय टिकत नाहीत. तेव्हा पती आणि तुम्ही एकमेकांशी ती बोलायला लागा. दिवसातला एखादा ठरलेला वेळ, जेवणाचा म्हणा, त्यासाठी ठेवा. तुम्हीही अडखळाल. मुलांनी मोठ्यांना अडखळताना पाहिले, तर त्यांचा संकोच कमीच होईल.

तयार पोशाखाबद्दल थोडक्यात सांगते. रोजच्या वावरासाठी हलका पोशाख घेण्यात काही वावगे नाही, आणि तो त्या समाजातल्या कारागिरांकडून घेतलात तर उत्तमच, कारण त्यांचे काम चालू राहिले तरच हा पोशाख पुढच्या पिढीला मिळेल. फक्त छापील नक्षीचा पोशाख आणून तो आजीच्या भरतकामाच्या जागी ठेवू नका. मुलीचा प्रश्न त्याने सुटणार नाही आणि सासूबाई अधिकच दुखावतील.

राखून ठेवण्याविषयी तुम्ही विचारले आहे. पोशाखाची निगा सोपी आहे : धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका आणि वर्षातून एकदोनदा उघडून घडी दुसऱ्या रेषेवर घाला, कारण जुने कापड नेहमीच्या घडीवरच विरते. धुण्याआधी आतल्या कोपऱ्यावर ओला पांढरा बोळा दाबून रंग निघतो का ते पाहा. जरीचे किंवा धातूच्या तारेचे काम असेल तर पाण्यात घालूच नका.

भाषेसाठी ध्वनिमुद्रण करा, पण सासूबाईंची परवानगी घेऊन, आणि काय मुद्रित करू नये हेही त्यांनाच ठरवू द्या. साधा मोबाईल पुरेसा आहे. पंखा बंद करा, फोन तोंडाजवळ ठेवा, आरंभी तारीख आणि बोलणाऱ्यांची नावे सांगा. लोक बहुधा गाणी आणि गोष्टी तेवढ्या मुद्रित करतात. त्या कराच, परंतु सासूबाई रागावतात कशा, लहान मुलाला समजावतात कशा, फोनवर आपल्या बहिणीशी कशा बोलतात, हिशेब कसा मोजतात, तेही त्यात येऊ द्या, कारण नातवंडांना पुढे बोलायचे असेल तर त्यांना नेमके तेच लागणार आहे. जी लिपी तुम्हाला वाचता येते तिच्यात शब्द उतरवा आणि समोर अर्थ लिहा. मुद्रित केलेल्या फाइल वेगवेगळ्या तीन ठिकाणी ठेवा. हे काम धाकट्या मुलाकडे देता आले तर पाहा. फोन धरून ऐकणाऱ्याला बोलण्याची सक्ती नसते, आणि त्याला सध्या तेवढीच मोकळीक हवी आहे.

राहिला तो समारंभाचा दिवस. चार महिन्यांनी मुलगी पोशाख घालेल की नाही, हे मी सांगू शकत नाही आणि तुम्हीही त्यावर मन लावून बसू नका. ती कदाचित पूर्ण पोशाख घालेल, कदाचित त्यातले एखादे वस्त्र घेईल. तसे सुटे वस्त्र घेतलेले चालते का, हे मात्र आधी सासूबाईंना विचारायला हवे, कारण काही समाजांत ते चालत नाही. कदाचित ती आपल्या साध्या कपड्यांत येईल आणि आजीला तयार व्हायला मदत करेल. यातले काहीही झाले तरी वडीलधाऱ्यांना ते त्या दिवशी अचानक कळू नये. याच आठवड्यात त्यांच्याशी बोला आणि मुलीचा निर्णय तिच्यावर सोपवला आहे, तिला कोणी परस्पर बोलू नये, हे तुमच्या आणि पतींच्या तोंडून सांगा. त्याआधी सासूबाईंशी बोला. या सगळ्या प्रकरणात त्यांना स्वतःला काय वाटते, हे अजून कोणी विचारलेले तुमच्या पत्रात दिसत नाही. ते त्यांच्याच भाषेत विचारा, आणि त्या वेळी मुलीला शेजारी बसू द्या.